मॅडमच्या मुली

मॅडमचा हात आधी यायचा, शब्द मागून. केंद्राच्या दारातून मुलगी आत आली, अजून खुर्चीला टेकलीही नाही, की मॅडम टेबलामागून उठायच्या, तिच्यापाशी जायच्या आणि तिच्या डोक्यावर तळहात ठेवायच्या. नुसता ठेवायच्या नाहीत, थोपटायच्या. "बाळा, मी आहे ना," असं म्हणायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या.

मी समोरून त्या मुलीची मान पाहायचे. ती आखडलेली असायची. जिच्या अंगाला परवा-तेरवा कोणीतरी न विचारता हात लावला, तिला इथे पुन्हा एकदा न विचारता हात लावला जात होता, आणि यावेळी वर आभारही मानायचे होते. मॅडमना ती मान कधी दिसली नाही. डोळे मिटलेल्या माणसाला काय दिसणार?

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याचं दुःख दिसलं की यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. लग्नघरात करवली जशी या खोलीतून त्या खोलीत फिरते, तशा मॅडम दुसऱ्याच्या संकटात फिरायच्या. मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि त्यातल्या एकाही वर्षी मला त्या आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा राहणार नाही.

आमचं केंद्र भाईंदर पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर. दोन खोल्या. लैंगिक अत्याचार झालेल्या बाया-मुलींना पोलीस, दवाखाना, कोर्ट या तिन्ही ठिकाणी सोबत करायची, हे काम. पूर्वी त्या जागेत दातांचा दवाखाना होता आणि भिंतीवर एक भलीमोठी दाढ रंगवलेली होती. रंग द्यायला सवड नव्हती म्हणून मॅडमनी तिच्यावर आपला सत्काराचा फोटो टांगला. फोटो दाढेपेक्षा लहान निघाला. त्यामुळे शाल-श्रीफळ घेतलेल्या मॅडमच्या खालून दाढेची दोन मुळं बाहेर आलेली दिसायची. मुली त्या चित्राकडे बघत बसायच्या. मला वाटतं, त्या भिंतीने आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आधार दिला असेल.

मॅडम गिरगावच्या. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर मीरा रोडला मोठी जागा घेऊन आलेल्या. "आमच्या गिरगावात" हे शब्द दिवसातून कितीदा यायचे ते मोजायचं मी लवकरच सोडून दिलं. भाईंदरबद्दल बोलताना त्यांचा सूर असा, की जणू त्या इथे राहायला नव्हे, सेवेला आल्या आहेत. मुलगा एकच, पुण्याला. भाषणात त्या सांगायच्या, "मला मुलगा एक, पण मुली किती, ते विचारू नका." इथे टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांसाठी त्या थांबायच्यादेखील. त्यांच्या मुली म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या मुली. त्यांच्या खऱ्या आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या.

मॅडमना रडू लवकर यायचं. मुलगी सांगायला लागली, की तिच्या तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मॅडमचा रुमाल बाहेर. मग हुंदका. मग बोलणारी मुलगी थांबायची. आपण काही चुकीचं बोललो का, असं तिच्या तोंडावर यायचं. एकदा नालासोपाऱ्याची एक मुलगी, जेमतेम विशीची, स्वतःचं सांगणं अर्धवट टाकून उठली, कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणलं आणि मॅडमना म्हणाली, "मॅडम, शांत व्हा. होतं असं." मॅडमनी पाणी पिऊन तिला जवळ घेतलं. नंतर कितीतरी दिवस त्या हा प्रसंग लोकांना सांगत होत्या, की बघा, आमचं नातं कसं आहे. मुलीचं उरलेलं सांगणं कोणी ऐकलं? ते मी बाहेरच्या खोलीत ऐकलं, मॅडम तोंड धुवायला गेल्यावर.

या कामात करायचं असतं ते फार थोडं असतं, आणि म्हणूनच मोठ्या मनाच्या माणसांना ते जमत नाही. पाणी पुढे ठेवायचं. दार उघडं हवं की लावून घेऊ, ते विचारायचं. आता काय काय करता येईल ते साध्या शब्दांत सांगायचं. त्यातलं काय करायचं ते तिने ठरवायचं, आणि ठरवायला तिला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ आपण तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणं मॅडमच्या कुंडलीत नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई नुसती जळते. वनिताच्या वेळी मॅडमनी दवाखान्यात जे केलं ते मला जमलं नसतं.

वनिता हे तिचं नाव नाही. गावही मी त्याच पट्ट्यातलं दुसरं सांगते आहे. तर ही वनिता काशीगावची, तिथल्या जुन्या घरांपैकी एका घरातली. वडील लहानपणीच गेलेले, आई भाजी विकते. वनिता भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. शेठच्या मेव्हण्याने तिला माल मोजायच्या निमित्ताने मागच्या खोलीत थांबवून घेतलं. पुढचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबरोबर आमच्याकडे आली. तेच कपडे पिशवीत घालून आणले होते, न धुता. टीव्हीवर कुठेतरी ऐकलं होतं म्हणे.

तिला घेऊन आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथला डॉक्टर म्हणाला, "पहले पुलिस का लेटर लाओ, फिर देखेंगे." खरं तर तसं काही नसतं. तपासणी आधी करायची असते, पोलिसात जायचं की नाही ते तिचं तिने नंतर ठरवावं. मी हे त्याला समजावून सांगत होते आणि तो मोबाईल बघत होता. तेवढ्यात मॅडम त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मी इथून हलणार नाही. तुमचे बाकीचे पेशंट माझ्या मांडीवर बसवून तपासा." आणि खरंच हलल्या नाहीत. बाहेर रांग वाढत गेली, लोक आत डोकावायला लागले, तेव्हा लेडी डॉक्टरला बोलावणं गेलं. तपासणी झाली. संध्याकाळी पोलिसात तक्रारही नोंदवली गेली, कारण मॅडम तिथेही तशाच जाऊन बसल्या. दुसऱ्याच्या दारात ठाण मांडायला जो निगरगट्टपणा लागतो तो त्यांच्याकडे भरपूर होता. तेवढं त्यांचं देणं मी मान्य करते.

पण ते देणं मॅडमही विसरल्या नाहीत, आणि वनिताच्या आईला तर विसरताच येईना. ती केंद्रावर आली की मॅडमसाठी मुद्दाम कोवळी भेंडी बाजूला काढून आणायची. "बायचं लय उपकार हायत आपल्यावर," असं मला म्हणायची. मी म्हणायचे, उपकार कसले, ते आमचं कामच आहे. ती माझ्याकडे अशी पाहायची, की मी काहीतरी अभद्र बोलले.

गावात त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. वनिताने काम सोडलं ते कावीळ झाली म्हणून, असं सगळ्यांना सांगितलेलं. घराला लागून चुलत्याचं घर. तिथे काकू. ही काकू अशी, की तिला एक कळलं की गावाला कळायला मधे कुणाची गरज नाही. त्या काकूपासून गोष्ट लपवण्यात मायलेकींची सगळी ताकद जात होती. वनिता मला म्हणायची, "ताई, कोर्टात सांगेन मी. पन घराकडं कोनाला कळायला नको. आई न्हाय झेलणार." मेव्हणा जामिनावर सुटलेला, खटला उभा राहिलेला. तिची साक्ष फेब्रुवारीत होती.

जानेवारीत मॅडमचं हळदीकुंकू असायचं. संक्रांतीनंतर सगळीकडे असतं तसंच, पण मॅडमचं हॉल घेऊन, स्टेज बांधून, पाहुण्या बोलावून. आजूबाजूच्या गावांतली महिला मंडळं यायची, काशीगावचंही. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, त्यावर केंद्राचं नाव. त्या वर्षी मॅडमना एक कल्पना सुचली. त्या सकाळीच आल्या, पर्सही ठेवली नाही आणि मला म्हणाल्या, "शुभांगी, आपण किती वर्षं या बायकांना वाण देतोय. या वर्षी मी माझ्या मुलींची ओटी भरणार आहे. स्टेजवर. समाजाने ज्यांना बाजूला टाकलं, त्यांना मी मानाने खुर्चीत बसवणार."

मी म्हटलं, "मॅडम, काशीगावच्या बायका येतात त्यात."

"मग? चेहरे झाकलेले असतील. नाव मी घेणार नाही. कायदा मला नको शिकवूस गं. मी काय मूर्ख आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. "वनिताला नको घ्यायला," एवढं म्हटलं.

"तिला विचारलंय मी. ती हो म्हणाली."

कसं विचारलं होतं ते मी नंतर वनिताकडून ऐकलं. आई शेजारी उभी. मॅडमचा तळहात डोक्यावर. "येशील ना, बाळा?" अशा वेळी नाही म्हणायला जागा कुठे असते? आईनेच हो म्हणून टाकलं. मी वनिताला सांगितलं, तुला नको असेल तर मी त्यांना जाऊन सांगते, भांडण झालं तरी चालेल. ती म्हणाली, "राहू दे ताई. तोंड झाकलेलं असंल ना. बसेन पाच मिनिटं आन येईन."

हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, गजरे. स्टेजवर चार खुर्च्या आणि त्यांत चार मुली, ओढण्या तोंडावरून गुंडाळून घट्ट धरलेल्या, फक्त डोळे दिसतात अशा. मी बाजूला ओटीचं ताट धरून उभी होते. तांदूळ, हळकुंडं, खारका, खण, नारळ. मॅडमनी बराच वेळ भाषण केलं. अशा मुलीचं नाव जगापुढे आणणं हा गुन्हा आहे, हेही त्यांनी त्यात बजावून सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या.

ओटी कशात घेतात हे त्या हॉलमधल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. पदरात घेतात, पंजाबी ड्रेस असला तर ओढणीत. आणि ओढणी तर तोंडाला गुंडाळलेली. एवढा घाट घातला, हॉल सजवला, पत्रिका छापल्या, पण ही एवढीशी गोष्ट ज्यांच्या डोक्यात यायला हवी होती त्यांच्या डोक्यात आली नाही. त्यांच्या डोक्यात टाळ्या होत्या.

पहिली मुलगी बोईसरकडची. मॅडम खण-नारळ घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओढणी पसर, बाळा." मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग तिने तोंडावरची ओढणी सोडवली आणि पुढे पसरली. तिचा उघडा चेहरा खाली झुकलेला. हॉलमधून आवाज उठला, "बिचारी." शेजारशेजारच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसून दाखवत होत्या. नशिबाने तिला तिथे ओळखणारं कोणी नव्हतं. दुसरीचंही तसंच झालं. मॅडमना यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी दुसरीच्या उघड्या गालावरून हातही फिरवला.

तिसरी वनिता. मी ताट घेऊन पुढे झाले आणि मॅडमच्या कानाशी म्हटलं, "तिची नको. तिची काकू तिसऱ्या रांगेत आहे." मॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं. बायका बघत होत्या ना.

"पसर, बाळा."

वनिताने मान हलवली. एका हाताने ओढणी तशीच धरून तिने दुसरा हात पुढे केला, ओंजळीसारखा.

"हातात नाही घेत गं ओटी," मॅडम हसून म्हणाल्या, माईकला ऐकू जाईल अशा आवाजात. "पदरातच घ्यायची असते. एवढंही शिकवलं नाही का आईने?" हॉलमध्ये थोडं हसू झालं. आणि मग मॅडमचा हात पुढे आला, नेहमीसारखाच, न विचारता. त्यांनी ओढणीचं टोक चिमटीत धरलं.

वनिता उठली. तिने मॅडमच्या हातातून टोक सोडवून घेतलं, शांतपणे, आणि स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या उतरून भिंतीकडेने दाराकडे चालायला लागली. तोंड झाकलेलंच होतं. अजूनही काही बिघडलं नव्हतं. एक मुलगी उठून गेली, इतकंच. हॉलमधल्या निम्म्या बायकांना वाटलं असेल, हिला चक्कर आली.

मॅडमच्या हातात नारळ तसाच राहिला. त्यांच्या मोठ्या मनाला कोणी पाठ दाखवली होती, तीही स्टेजवर. त्या वळल्या, माईकजवळ गेल्या आणि अगदी दुखावलेल्या, मायेच्या आवाजात म्हणाल्या, "अगं वनिता, बाळा, अशी जाऊ नकोस. मी आहे ना."

हॉलच्या दोन्ही बाजूंना स्पीकर होते. ते नाव चारी भिंतींवर आपटून परत आलं. तिसऱ्या रांगेत काकूची मान वळली. आधी जाणाऱ्या मुलीच्या पाठीकडे, मग तिच्या चालण्याकडे. काकूच्या पुढ्यातला वाणाचा डबा घरंगळत खाली गेला तरी तिला समजलं नाही.

मी ताट तिथेच खाली ठेवलं आणि बाहेर पळाले. वनिता दारातल्या चपलांच्या ढिगासमोर उभी होती. ढीग मोठा होता आणि ती नुसती उभी होती. "चपला मिळत न्हाईत," ती म्हणाली. मी वाकून शोधायला लागले. ती म्हणाली, "काकूने ऐकलं ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं? मला त्या क्षणी आत जाऊन माईकचा दांडा उपटावासा वाटत होता. चपला मिळाल्या. मी तिला रिक्षात घालून केंद्रावर आणलं, दार उघडं हवं की बंद ते विचारलं. ती बंद म्हणाली.

संध्याकाळपर्यंत काशीगावात सगळ्यांना समजलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमशी बोलले. बोलले म्हणजे, जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी प्रेमाने हाक मारली गं. आणि वनिता नावाची काय एकच मुलगी असते का?" मग त्यांना रडू आलं. यावेळी पाणी आणायला तिथे कोणी नव्हतं. मी तर नक्कीच नाही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या मॅडम कसल्या. त्या राहिलेली ओटी घेऊन स्वतः काशीगावात गेल्या. गाडी देवळापाशी उभी केली, दुकानात वनिताचं घर विचारलं, आणि ताट हातात घेऊन गल्लीतून चालत गेल्या, डोक्यावरून पदर घेऊन. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही मग समजलं. आईने ओटी घेतली. दारात आलेली ओटी कोण परत पाठवणार? वनिता मात्र उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मॅडम, परत आमच्याकडं येऊ नका." मॅडम म्हणाल्या, "तू आत्ता रागात आहेस, बाळा. मी समजू शकते." हे मला वनितानेच सांगितलं आणि सांगताना ती पहिल्यांदाच हसली.

पण आई मोडली होती. गावातल्या बाया सांत्वनाला येत होत्या, त्यातल्या काही खरंच सांत्वनाला. काकूने दोन्ही घरांमधलं दार लावून घेतलं होतं. मी गेले तेव्हा आई चुलीपाशी बसलेली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता न्हाय जायाचा कोर्टान. सगल्यांना कललं, तेवढा बास झाला. तिथं जाऊन आनखी काय सांगायचा?"

मी वनिताला जे सांगायचं ते सांगितलं. साक्ष बंद खोलीत होते, लोक नसतात. तो समोर दिसू नये म्हणून मधे पडदा लावायची विनंती करता येते. आपलं एक माणूस जवळ बसवता येतं. आणि जायचं नसेल तर वकिलांशी बोलू, पण त्याचा खटल्यावर परिणाम होईल, हेही. मग मी गप्प बसले. बराच वेळ ती नखाने जमिनीवर रेघा काढत होती.

"ते नाव स्पीकरवर आलं ना," ती म्हणाली, "तवा मला वाटलं, हे माझं न्हायच. कोनीतरी उचलून नेलंय." मग म्हणाली, "विचार करते."

काही दिवस ती चेण्याला मावशीकडे जाऊन राहिली. तिथून तिचा फोन आला. "येते मी," एवढंच.

इथे एक सांगून टाकते. मॅडम आता पुण्याला असतात, मुलाकडे. तिथेही भाषणं देतात. मला कोणीतरी व्हिडिओ पाठवला. त्यात त्या सांगत होत्या, की माझी एक मुलगी चेहरा झाकून बसायची, तिला मी लोकांत उभं राहायला शिकवलं, म्हणून ती कोर्टात बोलू शकली. गावाचं खरं नावही घेतलं. टाळ्यांसाठी थांबल्या. तुम्ही म्हणाल, त्यांच्याही आयुष्यात काही घडलं असेल, म्हणून या कामात आल्या असतील. असेल. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. इतर सगळं सांगणारी बाई तेवढंच लपवून ठेवील, असं मला वाटत नाही.

साक्षीच्या दिवशी ठाण्याला कोर्टात मॅडम हजर होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीची सुती साडी, बरोबर मंडळातल्या दोन बायका. वनिताच्या आईने त्यांना पाहिलं आणि सवयीने उठून जागा दिली. पुकारा झाल्यावर त्या सगळ्यांच्या आधी आत शिरल्या.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली आणि वनिताला विचारलं, तुझ्याजवळ कोण थांबलेलं चालेल? वनिता म्हणाली, "आई नको, तिला ऐकवनार न्हाय. शुभाताई राहू दे."

"आणि या?" न्यायाधीशांनी मॅडमकडे पाहून विचारलं.

"त्या बाहेर."

मॅडम क्षणभर हसल्या, जणू ही गंमत आहे. मग शिपायाने दार उघडून धरलं तेव्हा गेल्या.

पडद्यापलीकडे तो होता. खोकला तेवढा ऐकू आला. वनिताला पहिला प्रश्न आला तो नावाचा. तिने सांगितलं ते ओठांतच राहिलं. न्यायाधीश म्हणाल्या, "जरा मोठ्याने." मग तिने सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. एकेक शब्द नीट सुटा करून, खणखणीत. मला रडू आलं आणि मी ते गिळून टाकलं. त्यानंतर तिने बाकीचं सगळं सांगितलं. पलीकडच्या वकिलाने तिला पुष्कळ छळलं, कावीळ झाल्याचं खोटं का सांगितलंस, इथपर्यंत. ती मधे दोनदा थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली. निकाल अजून लागलेला नाही. पण तिने सांगायचं ते सांगून झालं आहे, आणि ते आता कागदावर आहे.

मी आधी बाहेर आले, ती आत सह्या करत होती. पॅसेजमधल्या बाकावर मॅडम एकट्याच बसल्या होत्या. बरोबरच्या बायका कंटाळून निघून गेल्या होत्या. आई दूर खिडकीपाशी उभी.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

"बोलली नीट?"

"बोलली."

त्या थोडा वेळ पर्सचा बंद कुरवाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव निघालं का गं आत?"

"नाही."

"म्हणजे, कुठे गेलो, कोणी मदत केली, असं काही?"

"नाही, मॅडम. कोणी विचारलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. चेहऱ्यावरचं ते कायमचं हसू पहिल्यांदाच गेलं आणि मागे एक दमलेली, वय झालेली बाई दिसली. मला खरंच वाईट वाटलं. दवाखान्यातली ती खुर्ची आठवली. मी त्यांच्या शेजारी बसणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग माझी वेगळी साक्ष घ्यावी लागेल. वकिलांशी बोलते मी." आणि फोन कानाला लावून जिना उतरून गेल्या. माझं वाईट वाटणं तिथेच संपलं.

वनिता बाहेर आली. रिकामा बाक पाहिला.

"मॅडम?"

"गेल्या."

ती बाकावर बसली आणि पाय लांब केले. आई खिडकीपासून आली, पण तिच्याजवळ बसली नाही, समोर उभी राहिली.

"काय इचारला?" ती शेवटी म्हणाली.

"पहिलं नाव विचारलं."

आई घाबरली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"आख्खा?"

"आख्खा. बाबाचं पन."

आईने पदराने नाक पुसलं. जिन्यावरून लोक वर-खाली करत होते, त्यांच्याकडे तिने एकदा पाहिलं. मग लेकीच्या शेजारी बसली.

"बरा केलास," ती म्हणाली.